रविवारच्या नेमबाजीसाठी स्वस्त आणि नेमके छर्रे: कोणते घ्यावेत, कसे पारखावेत

प्रश्न अमळनेरकडच्या एका भाऊंचा आहे. दिवाळीला त्यांनी पंधरा-सोळा हजारांची .१७७ ची, म्हणजे साडेचार मिलिमीटर नळीची, स्प्रिंगवाली एअर रायफल घेतली. रविवारी सकाळी मळ्यात विहिरीजवळ कागद लावायचा आणि चार मित्रांनी आळीपाळीने नेम धरायचा, एवढीच हौस. दुकानदाराने दिलेले स्वस्त छर्रे पंचवीस पावलांवर ताटभर फाकतात आणि जर्मन डब्याचा भाव ऐकून हात आखडतो. ‘स्वस्त आणि अचूक असा एकच छर्रा सांगा. आणि त्यानेही भागणार नसेल तर सरळ .२२ घेऊ का?’ असं त्यांनी विचारलंय.

भाऊ, एक नाव सांगून मोकळं होता आलं असतं. पण माझ्या बॅरलला चाललेला छर्रा तुमच्या बॅरलला चालेलच असं नाही. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफली माझ्या रेंजवर शेजारी शेजारी आहेत. एकीला सपाट तोंडाचा हलका पेलेट आवडतो, दुसरी त्याच डब्यातले छर्रे विस्कटून टाकते. म्हणून ‘कोणता छर्रा’ यापेक्षा ‘माझ्या रायफलीला, माझ्या अंतरावर, माझ्या खिशाला झेपेल असा छर्रा शोधायचा कसा’ हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर एकदा नीट शोधलं की पुढची काही वर्षं बघावं लागत नाही.

सगळ्यात आधी, दोष छर्‍याचाच आहे का ते बघा. ताटभर फाकणं हे फक्त वाईट छर्‍याने सहसा होत नाही. स्प्रिंगच्या रायफलीत ट्रिगर दाबल्यावर आतला पिस्टन पुढे धावतो. त्याने रायफल आधी मागे आणि लगेच पुढे झटका खाते, आणि हे सगळं होईपर्यंत छर्रा बॅरलमध्येच असतो. त्यामुळे दस्त्याचे स्क्रू हळूहळू ढिले होतात. चारही स्क्रू हाताने आवळून बघा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. स्कोप लावला असेल तर माउंट, म्हणजे त्याला धरणारी पकड, मागे सरकलाय का ते पाहा. साधे स्वस्त स्कोप हा उलटसुलट झटका फार दिवस सहन करत नाहीत. बॅरल मोडून भरायची रायफल असेल तर जोडावरची रबरी रिंग तपासा. टिश्यू पेपरची अर्धा बोट रुंद पट्टी जोडाच्या फटीवर ठेवा आणि समोर सुरक्षित आड असताना एक छर्रा मारा. पट्टी उडाली किंवा फडफडली तर हवा तिथून निसटतेय. रिंग बदलायला फारसे पैसे लागत नाहीत.

आणि धरण्याची पद्धत. आपल्याकडे बहुतेक जण रायफल विटेवर किंवा बांधावर टेकवून, वर घट्ट दाबून धरतात. स्प्रिंगरला हे अजिबात चालत नाही. वाळूच्या पिशवीवर तुमच्या डाव्या हाताचा उघडा तळवा ठेवा, त्यावर रायफल नुसती विसावू द्या, खांद्याला हलकी टेकवा आणि झटका तिला तिच्या मर्जीने खाऊ द्या. दर वेळी तळवा दस्त्याच्या त्याच जागी आला पाहिजे. पेन्सिलने खूण करून ठेवा. हे एवढं केल्यावर फाकणं अर्ध्यावर आलं नाही तर मग छर्‍यांकडे वळू.

आता स्वस्त छर्‍यात नक्की काय बिघडलेलं असतं? लोकांना वाटतं वजन. जळगावात सराफ ओळखीचा असतोच, त्याच्या काट्यावर मिलिग्रॅम दिसतो. तिथे वीस छर्रे एकेक करून मोजा. ऑनलाइन मिळणारा खिशातला काटा यासाठी कामाचा नाही, तो ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो आणि आपला छर्राच अर्ध्या ग्रॅमचा. स्वस्त डब्यात वीस-तीस मिलिग्रॅमचा फरक सहज निघतो, चांगल्या डब्यात तो चार-पाचावर राहतो. पण हा फरक कागदावर किती दिसतो ते बघा. सेकंदाला २०० मीटर वेगाने निघालेला छर्रा १० मीटरला साधारण १२ मिलिमीटर खाली येतो. वजनात चार टक्के फरक पडला तर वेग अंदाजे दोन टक्क्यांनी बदलतो आणि तो १२ चा आकडा अर्ध्या मिलिमीटरने हलतो. म्हणजे १० मीटरला वजनाचा दोष जवळजवळ दिसतच नाही. २५ मीटरला मात्र हाच फरक तीन-साडेतीन मिलिमीटरचा होतो.

खरा घोटाळा असतो तोंडाच्या मापात आणि मागच्या घेरात. छर्‍याचा मागचा पोकळ भाग, म्हणजे स्कर्ट, हवेच्या दाबाने फुगून बॅरलच्या आतल्या आट्यांना, म्हणजे पीळदार खाचांना, चिकटतो. तो एका बाजूने चेपलेला असेल तर बाहेर पडताना हवा एका अंगाने आधी निसटते आणि छर्रा डगमगत जातो. एक छर्रा चिमटीत धरून मागून उजेडाकडे बघा. कड गोल हवी, तिच्यावर पोचा किंवा शिशाचा उरलेला कोंभ नको. मग काचेचा तुकडा किंचित तिरका ठेवून त्यावर छर्रे एकामागून एक घरंगळू द्या. तोंड आणि घेर यांच्या मापात फरक असल्यामुळे प्रत्येक छर्रा कमानीत वळतो. चांगल्या डब्यातले सगळे जवळपास एकाच कमानीने जातात, चेपलेला मध्येच उडी मारतो किंवा भलतीकडे वळतो. भरताना अंगठ्यालाही कळतं. एक छर्रा आपोआप आत पडतो, पुढच्याला जोर लावावा लागतो, असं होत असेल तर त्या डब्याकडून एका जागी मारा मिळायची आशा सोडा.

काही जण यावर उपाय म्हणून स्वस्त डबा आणून घरी रात्रभर निवडत बसतात. पाचशेतले दोनशे बाजूला काढायचे, उरलेले वजनाप्रमाणे लावायचे. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. उघडउघड चेपलेले तेवढे काढून टाका, बाकी वेळ नेम धरण्यात घाला.

वेगाच्या मागेही लागू नका. ‘हजार फूट वेग’ असं खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं आणि तो वेग गाठायला कंपनी हलक्यातला हलका छर्रा वापरते. ऑलिम्पिकच्या १० मीटर एअर रायफलीचा वेग सेकंदाला १७०-१७५ मीटरच्या आसपास असतो, म्हणजे तुमच्या रायफलीपेक्षा बहुधा कमीच. आणि तिथे दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो.

आता नावं. १० मीटरवर कागदासाठी सपाट तोंडाचा म्हणजे वॅडकटर छर्रा घ्यावा. तो कागदाला पंच मारल्यासारखं स्वच्छ गोल भोक पाडतो, मोजायला सोपं जातं. २० मीटरच्या पुढे मारणार असाल तर गोल तोंडाचा, म्हणजे डोम. सपाट तोंडाचा वेग लवकर मरतो आणि वाऱ्यालाही तो जास्त ऐकतो. टोकदार छर्रे दिसायला तडफदार असतात, पण टोक मधोमध आणणं कारखान्यालाही अवघड असतं. नेमासाठी मी ते कोणाला घ्यायला सांगत नाही.

सपाट तोंडात आरडब्ल्यूएस हॉबी हा ०.४५ ग्रॅमचा हलका छर्रा मध्यम ताकदीच्या स्प्रिंगरला बऱ्याचदा मानवतो. त्याच कंपनीचा माइस्टरकुगेल्न, एच अँड एनचा फिनाले मॅच आणि आरडब्ल्यूएसचा आर-१० हे वरच्या पायऱ्यांवरचे. यातले रायफलीसाठीचे ०.५३ ग्रॅमचे असतात. गोल तोंडात चेक बनावटीचा जेएसबी एक्झॅक्ट ०.५४७ ग्रॅमचा, तर एच अँड एनचा फील्ड टार्गेट ट्रॉफी ०.५६ ग्रॅमचा. गामोचे मॅच छर्रे आपल्या भागात तुलनेने सहज मिळतात आणि पहिल्या चाचणीला ठीक असतात. फिनाले मॅच आणि आर-१० मात्र तुमच्या कामाला लागणार नाहीत. ते मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, रायफलीचे छर्रे आहेत. अशी रायफल क्लॅम्पमध्ये आवळून मारली तर चांगल्या बॅचच्या दहा छर्‍यांचं मिळून पाच-सहा मिलिमीटरचं एकच भोक होतं. तुमच्या स्प्रिंगरचा झटकाच त्यापेक्षा मोठा आहे, मग त्या फरकाचे पैसे कशाला मोजायचे?

म्हणून माझा सल्ला मधल्या पायरीचा: तीन प्रकारचे एकेक डबे. एक हलका सपाट, एक ०.५३ च्या आसपासचा सपाट आणि एक गोल तोंडाचा. रेंजवर कोणी ओळखीचं असेल तर पूर्ण डबे घेण्याआधी त्यांच्याकडून पन्नास-पन्नास छर्रे मागून बघा. आमच्याकडे येणाऱ्या पोरांना आम्ही तेच करायला लावतो. काही डब्यांवर तोंडाचं माप लिहिलेलं असतं, ४.४९, ४.५०, ४.५१ असं. सुरुवात ४.५० ने करा. फारच सैल जात असेल तर ४.५१.

चाचणी घाईत करू नका. अंतर पावलांनी न मोजता टेपने मोजा. तुमची पंचवीस पावलं म्हणजे अठरा-एकोणीस मीटर होत असतील, पण सुरुवात बरोबर १० मीटरपासून करा. सकाळी लवकर, वारा उठायच्या आत. कागद म्हणून वर्तमानपत्र नको, ते फाटतं. लग्नपत्रिका उत्तम! मे महिन्यानंतर घरोघरी गठ्ठे पडलेले असतात, जाड कार्डावर भोकं कापल्यासारखी येतात. छर्रा बदलला की पहिले पंधरा-वीस फुकट मारा, कारण बॅरलमध्ये आधीच्या छर्‍याचा शिशाचा थर असतो आणि नवा छर्रा बसायला थोडा वेळ घेतो. मग त्याच प्रकारचे दहा-दहाचे दोन ग्रुप, दोन वेगळ्या कार्डांवर. तीन छर्‍यांचा ग्रुप मोजू नका, तीन जवळ पडणं नुसत्या नशिबानेही होतं. दहा मारले की डबा आणि हात दोघंही उघडे पडतात. सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर पट्टीने मोजून त्यातून साडेचार मिलिमीटर वजा करा. भोकं मध्यात पडली नाहीत तरी काळजी नको, ते साइट फिरवून जमतं. एवढ्या किमतीच्या स्प्रिंगरने टेकवून १० मीटरला दहा छर्रे दहा-बारा मिलिमीटरात टाकले तर रायफल आणि छर्रा यांचं जमलं म्हणायचं.

पैशाचा हिशेबही असाच शांतपणे करा. भाव दुकानागणिक बदलतात, म्हणून आकडे फक्त समजण्यापुरते घेऊ. पाचशेचा एक डबा तीनशे रुपयांना आणि दुसरा नऊशेला आहे असं धरा. म्हणजे एक छर्रा साठ पैसे आणि दुसरा एक रुपया ऐंशी पैसे. रविवारी शंभर मारले तर फरक पडतो एकशेवीस रुपयांचा. आता स्वस्त डब्याने एखादा छर्रा बाहेर गेला की चूक तुमची की छर्‍याची हेच कळत नाही, आणि माणूस कळेपर्यंत मारत राहतो. चांगल्या डब्याने चाळीस छर्‍यांत सराव होतो आणि दुपारी भरीत-भाकरीला घरी परतताही येतं. रिकामे पत्र्याचे डबे उडवायला स्वस्त आणि कागदाला महाग असे दोन प्रकार ठेवावेत का, असंही काही जण विचारतात. मी नाही म्हणतो. दर वेळी नेम वेगळ्या जागी सरकतो आणि बॅरल पुन्हा बसवण्यात वीस छर्रे जातात. एक प्रकार ठरला की त्याच बॅच नंबरचे चार-पाच डबे एकदम घ्या. मित्रांनी मिळून घेतले तर दुकानदार भावातही थोडा हलतो. पार्सलने मागवलेत तर डबा उघडून आधी स्कर्ट बघा, हादऱ्यांनी ते चेपतात.

साठवण आपल्या हवेत महत्त्वाची. पावसाळ्यात उघड्या डब्यातल्या शिशावर पांढरट भुकटी धरते. डबा घट्ट बंद ठेवा, आत ओल शोषणारी छोटी पुडी टाका. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो: ‘जोर वाढतो’ म्हणून सिलिंडरमध्ये खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल सोडू नका. दाबाने हवा इतकी तापते की तेल आतल्या आत पेट घेतं. याला डिझेलिंग म्हणतात. फट्‌ आवाज येतो, धूर निघतो, प्रत्येक छर्‍याचा वेग वेगळा होतो आणि स्प्रिंग-सील लवकर मरतात. मग कितीही भारी छर्रा घ्या, उपयोग नाही.

आता .२२ बद्दल. तुमची .१७७ रायफल २० जूलच्या आतली आहे, म्हणून शस्त्र नियम २०१६ प्रमाणे तिला परवाना लागत नाही. तिची नळी .१७७ पेक्षा मोठी किंवा ताकद २० जूलपेक्षा जास्त असती तर एअर रायफललाही लागला असता, म्हणून ५.५ मिलिमीटरची, म्हणजे .२२ ची, एअर रायफल कोणी ‘बिनापरवाना’ म्हणून गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. बारुदाची .२२ हे वेगळंच प्रकरण. जिल्हाधिकारी कार्यालयातून परवाना, त्यावर किती काडतुसं घेता येतील याची मर्यादा आणि प्रत्येक खरेदीची परवान्यावर नोंद. सरकारी कारखान्यातली देशी .२२ सरावाला चालते, पण एका खोक्यातली दुसऱ्या खोक्याशी जुळेल याची खात्री नसते. इंग्लंडची एली, जर्मनीत बनणाऱ्या एसके आणि लापुआ ही नेमाची काडतुसं नेमबाजांपर्यंत मुख्यतः क्लब आणि संघटनांच्या वाटेने येतात. लोक मला विचारतात, आपल्या भुसावळजवळ वरणगावला काडतुसांचा एवढा कारखाना, मग आपल्याला स्वस्त का नाही? तो कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडियाकडे आहे आणि त्याचा मुख्य माल ५.५६ आणि ७.६२ चा, सैन्यासाठीचा. त्यातलं आपल्या कामाचं काही नाही.

तरीही .२२ ची ओढ असेल तर एखाद्या रायफल क्लबचं सभासदत्व घ्या आणि तिथल्या रायफलीवर, तिथल्याच काडतुसांवर मारा. परवाना-खरेदीपेक्षा हौसेला तेच स्वस्त पडतं. तिथेही जोरदार ‘हाय व्हेलॉसिटी’ खोका मागू नका. तो सेकंदाला ३८० मीटरच्या आसपास निघतो आणि वाटेत आवाजाच्या वेगाखाली येताना डगमगतो. नेमाचं काडतूस साधारण ३२५-३३० मीटरचं असतं. आपल्या हिवाळ्यात १० अंशाला आवाजाचा वेग ३३७ मीटर आणि मे महिन्यात ४४ अंशाला ३५७, म्हणजे ते बाराही महिने आवाजाच्या आतच राहतं. मात्र उन्हात गाडीत खोकं ठेवू नका, गोळीवरचं मेणचट वंगण पाघळतं. रिकाम्या काडतुसांत घरी दारू भरायचा विचारही नको; .२२ मध्ये ते जमत नाही आणि विनापरवाना काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. सातपुड्याच्या पलीकडून ‘स्वस्तात’ येणाऱ्या मालाबद्दल चोपडा-शिरपूरच्या लोकांना मी काय सांगावं? बिनानोंदीचं एक काडतूस खिशात सापडलं तरी शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम लागतं.

मळ्यातल्या आडोशाबद्दल थोडं. छर्रा पाव किलोमीटरच्या पलीकडे जाऊ शकतो, त्यामुळे कागदामागे भिंत किंवा उंच बांध हवाच. त्याच्या पुढे लाकडी खोक्यात जुन्या चिंध्या आणि रद्दी ठासून भरा. चाळलेली वाळू भरलेली गोणीही चालते; शेतातली काळी माती भरली तर त्यातल्या खड्यांवरून छर्रा उलटून येतो. केळीचे खांब रचून आड करणारे मी पाहिलेत. छर्रा अडतो खरा, पण तेच खांब पुढे बकऱ्या-म्हशींसमोर पडतात आणि शिसं त्यांच्या पोटात जातं. छर्रे तोंडात धरू नका, मारून झाल्यावर साबणाने हात धुवा, डोळ्यांवर चष्मा ठेवा. आणि बांधावर तितर किंवा मोर दिसला की नळी खाली. १९७२ चा वन्यजीव कायदा एअरगनलाही सोडत नाही.

चाचणी झाली की कार्डांचे फोटो टाका. कार्डाच्या कोपऱ्यात छर्‍याचं नाव, बॅच नंबर आणि अंतर लिहा. भोकं उभ्या रेषेत लांबली असतील तर वेग कमीजास्त होतोय किंवा तळव्याची जागा बदलतेय, आधी तेलाचा आणि पेन्सिलच्या खुणेचा विचार करा. आडवी पसरली असतील तर वारा, ट्रिगर ओढताना पडणारं बोट किंवा रायफल एका अंगाला कलणं. आणि दोन वेगवेगळे पुंजके दिसले, मधे मोकळी जागा, तर छर्रा बदलू नका. स्कोपचा माउंट पुन्हा आवळा आणि त्याच डब्यातले आणखी दहा मारा.